आजीचा काळा चष्मा

आमच्या वर्गातल्या टेबलाला एक खण आहे. मुलं त्याला 'तुरुंग' म्हणतात. वर्गात आणू नयेत अशा वस्तू पकडल्या गेल्या की त्या खणात जातात आणि शनिवारी शाळा सुटताना सुटतात. आजवर त्यात भोवरे, गोट्या, रबरी पाल, अर्धी खाल्लेली चिंच असे बरेच कैदी येऊन गेलेत. एकदा तर नदीवरून आणलेला जिवंत खेकडा होता. त्याची शिक्षा मात्र मी पाच मिनिटांतच माफ केली!

आज त्याच खणातल्या एका कैद्याची गोष्ट सांगायची आहे. या गोष्टीत चूक पोराची थोडी आणि माझी जास्त, हे आधीच कबूल करून टाकतो.

मार्च महिना होता. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातला मार्च म्हणजे काय ते इकडच्या मुलांना सांगायला नको. सकाळची शाळा सुरू झालेली. मी फळ्यावर भागाकार मांडत होतो आणि मागे एकदम खसखस पिकली. वळून पाहतो तर तिसरीतला आमचा सर्वांत शांत पोरगा दारात उभा! डोळ्यांवर हा मोठा काळाकुट्ट चष्मा. त्याच्या छोट्याशा तोंडावर तो कपाळापासून गालापर्यंत आलेला. दोन्ही बाजूंनीही काळं झाकण. पोरं ओरडली, "हिरो आला रे हिरो!" त्यानेही कमरेवर हात ठेवून मान तिरकी केली. कधी नव्हे ते सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता ना!

भागाकार बाजूलाच राहिला. मी चिडलो. चष्मा काढून घेतला आणि गेला तुरुंगात. पोराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण मी म्हणालो, "गुपचूप जागेवर बस." तो बसला.

तो दिवस शुक्रवार होता. शनिवारी मी केंद्राच्या बैठकीला गेलो, रविवार सुटीचा. चष्म्याचं मी पार विसरून गेलो.

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकात एक म्हातारी उभी. लुगड्याचा पदर कपाळावरून थेट नाकापर्यंत ओढलेला, त्यावर तळहात धरलेला. एक डोळा गच्च मिटलेला आणि गालावरून पाण्याची धार. मी जवळ गेलो तशी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, मना काया चष्मा तुम्हनाजोडे शे का?" (अहिराणी न येणाऱ्यांसाठी सांगतो, माझा काळा चष्मा तुमच्याजवळ आहे का?)

तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. नेत्रशिबिरात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढून तो चष्मा दिला होता. नातवाने तो गमतीने शाळेत आणला. माझ्या भीतीने घरी सांगितलं नाही, आणि घरच्यांच्या भीतीने मला सांगितलं नाही! म्हातारीने दोन दिवस घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी पोराला रडू फुटलं तेव्हा कुठे पत्ता लागला.

माझ्या पोटात गोळा आला. चष्मा दिला, पुसून दिला. पण डोळ्याला काही झालं असलं तर? मधल्या सुटीत दुसऱ्या बाईंकडे वर्ग सोपवला आणि आजींना मोटारसायकलवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रातून डोळा नीट तपासला. डोळा ठीक होता. उन्हाने आणि धुळीने चुरचुरला होता, एवढंच. आजींना थेंब दिले आणि मला दहा मिनिटं चांगलं ऐकवलं. ते मी इथे लिहीत नाही. पण ऐकवता ऐकवता त्यांनी जे समजावलं ते लिहितो.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. काचेसारखं पारदर्शक. वय झालं की ते हळूहळू गढूळ होतं. यालाच मोतीबिंदू म्हणतात. आजींचं गढूळ भिंग काढून तिथे स्वच्छ नवं भिंग बसवलेलं. वर्षानुवर्षं धुरकट खिडकीतून बघणाऱ्याची काच कुणी एकदम लख्ख पुसून द्यावी, तसं झालं. उजेडाचा लोंढाच आत! म्हणून तो काळा चष्मा. धूळ अडते, चुकून बोट लागत नाही, आणि डोळा दिपत नाही.

मी विचारलं, "मोतीबिंदू उन्हामुळे होतो का हो?" डॉक्टर म्हणाले, "एकट्या उन्हामुळे नाही. वय हे मोठं कारण. मधुमेह, तंबाखू, डोळ्याला लागलेला मार ही दुसरी. पण ऊनही त्या यादीत आहे." जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे, की मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वात वीस टक्क्यांपर्यंत वाटा उन्हाचा असू शकतो. आजींनी सगळा जन्म रानात आणि मिरचीच्या पथारीवर काढला. पथारी माहीत आहे ना? नंदुरबारच्या आसपास थंडीत मैदानंच्या मैदानं लाल मिरचीने भरलेली असतात. बाया दिवसभर त्यावर वाकून मिरची वाळवतात, निवडतात. वरून ऊन, खालून तिखटाची धसक. तिथे कुणाच्या डोळ्याला चष्मा मी पाहिलेला नाही. डोक्यावर पदर, एवढाच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली. पोरं आधी गप्प, मग एकदम प्रश्नांची सरबत्ती! "सर, ऊन डोळ्यात जाऊन काय करतं?" "सर, मग आम्हीपण गॉगल घालायचा का?" "सर, माझ्याकडे सारंगखेड्याच्या जत्रेतला गॉगल आहे, आणू?"

आणा म्हटलं. भागाकार पुन्हा राहिला.

आधी ऊन म्हणजे काय ते बघू. इंद्रधनुष्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग दिसतात. पण जांभळ्याच्या पलीकडे काहीच नाही का? १८०१ साली जर्मनीत योहान रिटर नावाच्या संशोधकाला हाच प्रश्न पडला. उजेडाने काळं पडणारं चांदीचं एक क्षार असतं, सिल्व्हर क्लोराइड. लोलकातून उन्हाचे रंग पाडून त्याने तो क्षार वेगवेगळ्या रंगांत ठेवून पाहिला. आणि गंमत म्हणजे जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे तो सर्वांत लवकर काळा पडला! म्हणजे तिथे न दिसणारे किरण होते. त्यांना आज आपण अतिनील किरण म्हणतो. उन्हाळ्यात कातडी भाजते, रापते ती यांच्यामुळेच.

हे किरण दिसत नाहीत आणि गरमही लागत नाहीत, इथेच आपण फसतो. थंडीतल्या कोवळ्या वाटणाऱ्या दुपारीही ते असतात. विरळ ढगांतूनही बरेचसे खाली येतात. तोरणमाळसारख्या उंच जागी हवा गार असते, पण अतिनील किरण खालच्यापेक्षा जास्त असतात. दर हजार मीटर चढलं की साधारण दहा टक्के वाढ. ते जमिनीवरून उसळूनही येतात. गवतावरून अगदी थोडे, कोरड्या वाळूवरून शंभरातले पंधरा आणि ताज्या बर्फावरून तब्बल ऐंशी! म्हणून हिमालयातल्या आपल्या जवानांना गॉगलशिवाय चालत नाही. दिवसभर उघड्या डोळ्यांनी बर्फात हिंडलं तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, डोळे उघडत नाहीत. बुबुळावरचा नाजूक पडदा चक्क भाजलेला असतो. वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघत बसणाऱ्या पोरांचंही अगदी हेच होतं. तुमच्यातही असे बघे आहेत, मला माहीत आहे.

ध्रुवाजवळचे इन्युइट लोक तर शेकडो वर्षांपासून यावर उपाय करत आलेत. त्यांच्याकडे काच नव्हती. मग त्यांनी हाडाची किंवा लाकडाची पट्टी कोरून डोळ्यांवर बांधली आणि तिला बारीकशी आडवी चीर पाडली. चिरेतून दिसायला पुरेसा उजेड येतो, बाकीचा अडतो. आमच्या वर्गात पुठ्ठ्याचे असे चष्मे करून झाले. छान दिसतं त्यातून! फक्त ते घालून पळू नका. बाजूचं काही दिसत नाही आणि माणूस खांबावर आपटतो. एकजण आपटला.

आता डोळा स्वतः काय करतो ते बघा. हा प्रयोग घरीही करता येईल. दोघं दोघं समोरासमोर बसा, दाराच्या उजेडाकडे तोंड करून. एकाने डोळ्यांवर तळहात झाकून वीसपर्यंत मोजायचं आणि झटकन हात काढायचे. दुसऱ्याने त्याच्या डोळ्यातल्या मधल्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं. दिसलं? ठिपका मोठा होता तो भर्रकन लहान झाला! ती डोळ्याची बाहुली. खरं तर ती वस्तू नाहीच, ते भोक आहे. भोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, ते भोक लहानमोठं करते. लख्ख उजेडात बाहुली दोन मिलिमीटरची, तर अंधारात आठ मिलिमीटरपर्यंत होते. व्यास चौपट, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ किती पट? मोठ्या वर्गातल्यांनी उत्तर काढा. (सोळापट. घाईतल्यांसाठी सांगून टाकलं.)

जाता जाता सांगतो, ही परितारिका प्रत्येक माणसाची निराळी असते. आधार कार्ड काढताना यंत्रात डोळे घालायला लावतात ना, ते हिचाच फोटो घेण्यासाठी. आणि देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं, ठाऊक आहे? आपल्याच जिल्ह्यात! शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी.

बरं, बाहुलीकडे परत येऊ. उन्हात गेल्यावर बाहुली बारीक होते, पापण्या किलकिल्या होतात, हात आपोआप कपाळावर जातो. डोळ्याचे हे घरचेच पहारेकरी. आता विचार करा. तुम्ही काळा चष्मा घातला. डोळ्याला वाटलं, अरे, संध्याकाळ झाली! पहारेकरी सुस्तावले. बाहुली मोठी झाली, पापण्या सताड उघडल्या. आणि त्या काळ्या काचेने दिसणारा उजेड तेवढा अडवला, पण न दिसणारे अतिनील किरण सोडून दिले तर? मग दार सताड उघडं आणि चोर आत!

"पण सर, काळी काच सगळंच अडवत असेल ना?" एका मुलीने विचारलं. अगदी बरोबर शंका. मलाही आधी तसंच वाटायचं.

म्हणून बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून मी नोटा तपासायचा छोटा दिवा एक दिवसापुरता मागून आणला. त्यातून अतिनील किरण निघतात. (तो दिवा डोळ्यांकडे कधीच धरायचा नाही. दुकानातही त्यात डोकावायचं नाही. मोठी माणसं जवळ असल्याशिवाय हा प्रयोग करायचा नाही, हे सुद्धा.) वर्गाच्या खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं. खिशातून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली आणि दिवा लावला. नोटेवरचा नंबर अंधारात चमकायला लागला! नोटेचे आकडे अशा शाईने छापतात की अतिनील किरण पडले की ती चमकते. माझा पांढरा सदराही निळसर उजळला, कारण कपड्यांच्या पावडरीत तसंच एक चमक आणणारं द्रव्य असतं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग एकेक चष्मा दिवा आणि नोट यांच्या मध्ये धरला. आकडे विझले तर काच किरण अडवते. आकडे चमकतच राहिले तर किरण आरपार जातात. सोपं आहे ना?

पहिला आजींचा चष्मा. (या वेळी रीतसर परवानगी घेऊन आणला होता!) आकडे विझले. पोरं हुश्श झाली.

दुसरा सारंगखेड्याच्या जत्रेतला एक तपकिरी गॉगल. आकडे विझले. म्हणजे जत्रेतला म्हणून वाईटच असतो असं नाही हं. हल्लीच्या गॉगलांना पुष्कळदा पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं आणि ते मुळातच अतिनील किरण शोषून घेतं.

तिसराही जत्रेतलाच. हा सर्वांत काळा, सर्वांत ऐटबाज. दोन्ही काड्यांवर सोनेरी वाघ. त्याचा मालक छाती काढून उभा होता. दिवा लावला आणि आकडे तसेच चमकत राहिले! थोडे मंद, पण चमकत. वर्गात एकदम शांतता. मालकाचं तोंड बघवेना.

चौथा चष्मा मी माझ्या नाकावरचा काढला. साधा नंबरचा, पांढऱ्या काचेचा. पोरं म्हणाली, "सर, तुमचा तर काळासुद्धा नाही, तो काय अडवणार?" दिवा धरला. आकडे विझले! अगदी आजींच्या चष्म्यासारखे.

दोन मिनिटं वर्गात नुसता गलका. काळा अडवत नाही आणि पांढरा अडवतो, हे कुणाला पटेना. तीनतीनदा करून पाहिलं. पण तसंच आहे. काळेपणा वेगळा, अतिनील किरण अडवण्याचा गुण वेगळा. रंगाने डोळा दिपत नाही एवढंच. किरण अडवण्याचं काम प्लॅस्टिक स्वतः करतं किंवा काचेवर दिलेला लेप करतो, आणि तो लेप डोळ्याला दिसतही नाही.

पालकांनी इथे जरा लक्ष द्यावं. गॉगल घेताना त्यावर 'यूव्ही ४००' किंवा 'शंभर टक्के यूव्ही संरक्षण' असं लिहिलेलं आहे का ते पाहायचं. ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटर, अतिनील किरणांची वरची हद्द. नुसतं 'पोलराइज्ड' लिहिलेलं असेल तर ते पाण्यावरची, डांबरावरची तिरीप कमी करण्यासाठी असतं. त्याचा अतिनील किरणांशी संबंध असेलच असं नाही. चिठ्ठी तर कुणीही चिकटवतं, म्हणून शंका वाटली तर चष्म्याच्या दुकानात तपासून मागावा. अनेक दुकानांत त्यासाठी यंत्र असतं. किंमत जास्त म्हणजे चांगला असंही समजू नका. कधी कधी आपण नावाचेच पैसे मोजतो. मुलांसाठी काच नको, न फुटणारं प्लॅस्टिकच हवं. आणि चष्मा तोंडाला बेताचा बसणारा असावा, कारण किरण वरून आणि बाजूनेही आत शिरतात. मुलांची भिंगं मोठ्यांपेक्षा जास्त स्वच्छ असतात. त्यामुळे त्यांच्या डोळ्यात हे किरण जास्त खोल जातात. म्हणून मुलांना आणि गॉगल कशाला, हे म्हणणं बरोबर नाही. ते मीही म्हणत होतो, म्हणून सांगतो.

पण घरातल्या प्रत्येकाला गॉगल घेणं सगळ्यांना परवडत नाही, हे मला कळतं. आमच्या वर्गातल्या किती घरांना परवडेल ते मला ठाऊक आहे. म्हणून आधी फुकटचे उपाय. सगळ्यांत मोठा उपाय सावली. रुंद काठाची टोपी, नाहीतर उपरणं पुढे ओढून बांधलेलं, की वरून येणाऱ्या किरणांचा मोठा भाग अडला. वेळ कशी ओळखायची? आपली सावली बघून. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ठीक. आपल्यापेक्षा आखूड झाली की डोळे आणि कातडी सांभाळायची वेळ झाली. आपला जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोन दिवस, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यातला दिवस सुटीत येतो. काठी रोवून पाहा, पण टोपी घालून!

आणि हो, ऊन वाईट म्हणून पोरांना घरात डांबू नका. तेही डोळ्यांना चांगलं नाही. दिवसा उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, असं दिसून आलं आहे. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर राहावं म्हणून सरकारनेच मोहीम चालवली. तेव्हा खेळायचं. सकाळी, संध्याकाळी, दुपारी झाडाखाली.

एवढं सगळं झाल्यावर मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, मग यूव्ही ४०० वाला गॉगल घालून सूर्याकडे बघता येतं?"

नाही! अजिबात नाही. कुठलाही गॉगल घालून नाही. साधा गॉगल शंभरातला दहा-पंधरा भाग उजेड आत सोडतो. म्हणजे लाखात दहा-पंधरा हजार. ग्रहण पाहायचा जो खास चष्मा असतो तो लाखात फक्त तीन भाग सोडतो. किती फरक झाला बघा. सूर्याकडे टक लावून पाहिलं की डोळ्यातलं भिंग सगळा उजेड मागच्या पडद्यावर एका ठिपक्यात गोळा करतं. काचेच्या भिंगाने तुम्ही कागद जाळता तसंच. आणि तो पडदा भाजताना दुखत नाही. त्याला दुखणं कळतच नाही. काही तासांनी समोर काळा डाग दिसायला लागतो तेव्हा समजतं.

हे मला तुमच्या वयात कुणी सांगितलं नव्हतं. आमचं गाव तळोद्याकडचं. ११ ऑगस्ट १९९९ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमाराला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आमच्या भागावरून जाणार होता. आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी चौथीत होतो. म्हातारी माणसं दारं लावून आत बसलेली आणि आम्ही चार पोरं घराच्या धाब्यावर. एकाच्या काकांचा पाय मोडला होता, त्याचा एक्स-रे आम्ही पळवलेला. त्यातून म्हणे ग्रहण बघतात! एक्स-रेची फिल्म मुळीच सुरक्षित नसते हे मला मोठेपणी कळलं. पण त्या दिवशी आभाळ असं भरून आलं की सूर्याचा पत्ताच लागला नाही. एकदम काळोख झाला, कोंबड्या खुराड्याकडे पळाल्या, मिनिटभराने पुन्हा उजाडलं. आम्ही ढगांना शिव्या देत खाली उतरलो. आता वाटतं, त्या ढगांनी आमचे चौघांचे आठ डोळे वाचवले.

दहा वर्षांनी, २२ जुलै २००९ रोजी, पुन्हा एक खग्रास ग्रहण आपल्याच भागावरून गेलं. सकाळी सव्वासहा-साडेसहाला. दहा वर्षांत दोनदा हे भाग्य फार थोड्या गावांना मिळतं. मी तेव्हा डी.एड.ला होतो. या वेळी खास चष्मा आणला होता, पैसे देऊन. पुन्हा ढग! तीनेक मिनिटांचा काळोख आणि पाऊस. तो चष्मा अजून पेटीत आहे, पण आता वापरणार नाही. इतक्या वर्षांत त्याच्या फिल्मला कुठे बारीक चरा गेला असेल तर कळणार कसं?

तर, आजींचं सांगायचं राहिलं. त्यांचा डोळा छान आहे. आता त्या सुईत दोरा स्वतः ओवतात, आणि शाळेसमोरून जाताना मला लांबूनच ओळखून हाक मारतात. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. नातवाने मला आधीच बजावून ठेवलंय, "सर, चष्मा घरीच राहील."

माझ्या खणाचा कायदाही बदलला. वस्तू जमा करायच्या आधी आता मी विचारतो, ही कुणाची आहे? उत्तर पूर्ण ऐकून घेतो. खेकडा असला तरी.

आणि तो सोनेरी वाघांचा गॉगल? त्याचा मालक दोन दिवस फुगून बसला होता. साठ रुपये गेले ना त्याचे! तिसऱ्या दिवशी त्याने तो शेतातल्या बुजगावण्याला घातला. लांबून फारच रुबाबदार दिसतं. ज्वारीवरची पाखरं मात्र त्याला भीत नाहीत. परवा एक साळुंकी त्याच्या काडीवर बसलेली मी स्वतः पाहिली.